पालथ्या कवड्यांचं प्रकरण

येरमाळ्यापासून कळंबपर्यंतच्या पट्ट्यात गुप्तहेर असा एकच होता, आणि तो म्हणजे मी, शिवशरण. घारीची नजर, मांजराची चाल आणि वकिलाची बुद्धी. हे वर्णन लोकांनी केलेलं नाही. लोकांना सवड नव्हती, म्हणून ते मलाच करावं लागलं.

पोटासाठी मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो. दुधात पाणी किती, हे काचेच्या नळीनं ओळखायचं माझं काम. सात वर्षांत मी एकोणीस गुन्हेगार पकडले. त्यातले सतरा निर्दोष निघाले, आणि उरलेल्या दोन वेळा नळी बिघडलेली होती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात दूध आटलं आणि पाणीही आटलं. दुधात घालायलाच पाणी नाही म्हटल्यावर गावातली गुन्हेगारी संपली. गुप्तहेराच्या आयुष्यात याहून वाईट दिवस येत नाहीत.

पाण्याचा टँकर आमच्या सोसायटीच्या आवारात यायचा. वेळ दुपारी दोनची, म्हणजे दोन ते पाचच्या मधली कुठलीही. बारापासून घागरींची रांग लागायची आणि साडेबारापासून भांडणं. एकदा मालनबाईंच्या घागरीनं पिराजीच्या डोक्याला टेंगूळ आलं आणि पिराजीच्या डोक्यानं घागरीला पोचा पडला. आपलंच नुकसान मोठं, असं दोघंही मला आठवडाभर सांगत होते.

यावर उपाय काढला बलभीम मास्तरांनी. मास्तर गावच्या शाळेत शिकवायचे आणि सुट्टीतही शिकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. त्यांनी रांगेसाठी एक खेळ रचला आणि त्याला नाव दिलं 'मोहीम'. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. मास्तर गोष्ट सांगणार आणि रांगेतली माणसं त्या गोष्टीत शिरणार. पिराजी झाला शिलेदार. मालनबाई झाल्या झाडपाला जाणणारी वैदीण. अंगानं बारीक असलेली इरम्मा झाली चोर, म्हणजे भिंती चढण्यात पटाईत. एका राक्षसानं डोंगरातला झरा शिळा लावून बंद केलेला. तो या मंडळींनी उघडायचा.

वाटेत अडचणी होत्या. पहिलीच अडचण उभ्या कड्याची. नियम सोपा होता. सहा कवड्या फेकायच्या, पाच उताण्या पडल्या तर एक पाऊल वर. तीन वेळा चुकायच्या आत सहा पावलं चढायची. तिसरी चूक झाली की मोहीम बुडाली, उद्या पुन्हा पायथ्यापासून.

पहिल्या दिवशी सगळी रांग श्वास रोखून बसली. भांडण बंद. टँकर आला तेव्हा कोणाचा नंबर पुढं होता हेही कोणाला आठवेना. मी सोसायटीच्या दारात उभा राहून हे पाहिलं आणि मास्तरांचा मला हेवा वाटला.

पण अकरा दिवस झाले तरी कडा कोणाला चढता येईना. शिलेदार पिराजी अकरा वेळा खाली पडला. वैदीण मालनबाईंना औषधाची पाळीच मिळेना, कारण कोणी जखमी व्हायच्या आधीच मोहीम बुडायची.

"मास्तर," मालनबाई म्हणाल्या, "खऱ्यात पानी न्हाय ते न्हाय, खेळात तरी दोन घोट लागू द्या की."

बाराव्या दिवशी खेळायला चौघंच बसले. बाकीचे रांगेत उभे राहिले आणि एकमेकांच्या घागरी पायानं मागं सारू लागले. त्या संध्याकाळी मास्तर कवड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरला होता.

"शिवशरण, यात काहीतरी काळंबेरं आहे," ते म्हणाले. "प्रत्येक अडचण मी आधी घरी खेळून बघतो. मी गोष्ट सांगतो, आमची मंडळी, म्हणजे तुझी वहिनी, कवड्या फेकते. हा कडा आम्ही साठ वेळा खेळलो. साठच्या साठ वेळा चढलो. आधी तीन उताण्यांचा नियम होता, फार सोपं वाटलं म्हणून चार केल्या. तरी चढतोच. म्हणून पाच केल्या. आणि इथं एकदासुद्धा नाही. त्याच कवड्या, तोच नियम. उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर मी खेळ बंद करणार. लोकांना रोज हरवायला मी काही राक्षस नाही."

मी डोळे मिटले. खरा गुप्तहेर विचार करताना डोळे मिटतो. मास्तरांना वाटलं मला झोप आली, म्हणून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपास सुरू झाला. पहिला संशय कवड्यांवर. कोणीतरी त्यांच्या पोटात शिसं भरलं असणार. मी सहाही कवड्या दुधाच्या कॅनमध्ये सोडल्या, सोबत काचेची नळीही सोडली. कवड्या बुडाल्या. शिसं भरल्याचा हा पुरावा आहे असं मी वहीत लिहिलं. मग खात्रीसाठी साधी कवडी सोडली. तीही बुडाली. मी लिहिलेलं खोडलं.

दुसरा संशय जमिनीवर. आवाराला उतार असेल तर कवड्या पालथ्या पडणारच. उतार बघायचा सोपा मार्ग म्हणजे जमिनीवर पाणी ओतून ते कुठं जातं हे पाहणं. मी तांब्याभर पाणी ओतलं. ते कुठंच गेलं नाही, जागच्या जागी मुरलं. वर पाहिलं तर बारा वाजले होते आणि रांगेतल्या तीस बायका माझ्याकडे बघत होत्या.

"सेक्रेटरी," इरम्मा अगदी हळू म्हणाली, "ते काय व्हतं?"

"तपास," मी म्हणालो.

तिथून मी चालत निघालो. आमच्या गावात गुप्तहेर सहसा पळत नाहीत, पण त्या दिवशी चालण्याचा वेग बरा होता.

तिसरा संशय मालनबाईंवर. त्या डावखुऱ्या, हातात डझनभर बांगड्या. बांगडीचा धक्का कवडीला लागत असणार. मी बाभळीआडून त्यांच्यावर पाळत ठेवली. पाचव्या मिनिटाला त्या न वळता म्हणाल्या, "आता आलाच हाव तर ती मागची घागर उचला, सेक्रेटरी. लई जड हाय." मी घागर त्यांच्या घरापर्यंत नेली. घागर रिकामीच होती. त्यांच्या घरी मला चहा मिळाला, पुरावा मिळाला नाही.

दुपारी एक वाजता मला खरा गुन्हेगार सापडला. पिराजी. शिलेदार अकरा दिवसांत अकरा वेळा पडतो, प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात, आणि पडल्यावर हसतो. मोहीम बुडावी म्हणून राक्षसानं फितवलेला माणूस. राक्षस गोष्टीतला आहे, खरा नाही, ही एक अडचण होती. पण एवढ्या मोठ्या तपासात एखादा धागा सुटतोच.

मी सगळ्यांना सोसायटीच्या सावलीत गोळा केलं. संशयितांना एकत्र बसवून, एकेकाकडे बोट दाखवत, शेवटी खऱ्याचं नाव घ्यायचं, ही या धंद्याची रीत. मास्तर मान खाली घालून बसले होते.

"या आवारात एक विश्वासघातकी आहे," मी सुरुवात केली. "त्याच्या हातून कवडी उताणी पडतच नाही. तो म्हणजे पिराजी."

पिराजी उठला. तो इतका उंच की उभा राहू लागला की संपायला वेळ लागतो.

"म्या फेकल्या तरी पालथ्या, मालनबाईनं फेकल्या तरी पालथ्या," तो म्हणाला. "मंग समदी रांगच फितुर हाय का? आन तुमीच फेका की एकदा."

कवड्या माझ्या हातात आल्या. मी फेकल्या. तीन उताण्या. पुन्हा फेकल्या. दोन. तिसऱ्या वेळी चार पडल्या आणि कोणीतरी मागून "जवळ आलं" असं म्हणालं. सगळ्या रांगेच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघंही कड्यावरून पडलो, मी आणि माझा सिद्धांत.

तेवढ्यात रांगेतून एक घागर पुढं सरकली आणि तिच्यामागं द्वारकाबाई आल्या. मास्तरांच्या पत्नी. त्या रोज रांगेत असायच्या, पण खेळाकडे ढुंकून बघायच्या नाहीत.

"भावजी, पिराजीला कशाला धरता," त्या म्हणाल्या. "पाच उताण्या कुनालाच पडत न्हाईत."

"वहिनी, पण घरी तर तुम्हाला साठ वेळा..."

"पडत न्हवत्या."

मास्तरांनी मान वर केली.

द्वारकाबाईंनी घागर खाली ठेवली. "अवं, सांजच्याला तुमी कवड्या घिऊन बसायचे. जिंकल्याबिगर उठायचे न्हाईत. भाकरी गार, आमटी गार. म्हून तुमी वहीत लिवायला मान घातली की म्या कवड्या उताण्या करून ठेवायची. जिंकलं म्हटलं की तुमी जेवायला उठायचे."

मास्तरांचा आवाज फार लहान निघाला.

"साठच्या साठ वेळा?"

द्वारकाबाईंनी थोडा विचार केला. "दोनदा खरंच पडल्या व्हत्या. तवा मलाच नवल वाटलं."

कोणीतरी हसलं. मग सगळेच. मास्तर मात्र उठले, कवड्या पिशवीत भरू लागले. मी त्या दिवशी बरंच काही चुकीचं पाहिलं होतं, पण हे बरोबर पाहिलं. माणूस लोकांत फजित झाला की हसत नाही, आवरायला लागतो. मी स्वतः तेच केलं असतं.

द्वारकाबाईंनी पिशवी धरली. "बसा," त्या म्हणाल्या. "आता खरं खेळू. जेवून आलेत समदे."

मग त्या तिथंच फतकल मारून बसल्या आणि कवड्या फेकायला लागल्या. मास्तर वहीत खरे आकडे लिहू लागले. वीस फेकी झाल्या. तीन उताण्यांचा पहिलाच नियम ठीक होता, असं निघालं. सहा पावलं मात्र जास्त वाटली. मास्तर म्हणाले, पाच. मालनबाई म्हणाल्या, चार. चारावर तोडगा निघाला.

"आन अजून एक," मालनबाई म्हणाल्या. "म्या वैदीण. मला कडा कशाला चढायला लावता? ज्याला जे येतं त्यानं ते करावं. इरम्मा चढंल, पिराजी दोर धरंल, म्या पडलेल्याला पाला लावीन. ज्याचं काम त्याला एक कवडी जास्तीची द्या."

"आणि तिसरी चूक झाली तर?" मास्तरांनी विचारलं. शिकवणाऱ्या माणसाला विचारताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"तर गोष्ट थांबवू नगा," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोर तुटला, भाकरीचं गाठोडं दरीत पडलं, असलं कायतरी नुसकान करा आन दुसऱ्या वाटंनं म्होरं न्या. मानसं हरली तरी चालतंय, पर म्होरं काय झालं ह्ये ऐकायला उद्या आली पायजेत."

त्या दुपारी टँकर साडेचारला आला. तोवर मोहीम कडा चढून, एक गाठोडं गमावून, राक्षसाच्या पहारेकऱ्याशी बोलत होती. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. कोणी उठेना. शेवटी तो स्वतः खाली उतरून मागं येऊन उभा राहिला आणि पहारेकऱ्याला काय सांगावं हे मालनबाईंना सुचवू लागला.

चार दिवसांनी झरा फुटला. मास्तरांनी त्या पाण्याचं वर्णन इतकं लांबवलं की पिराजीनं डोळे पुसले आणि उन्हाचा दोष सांगितला.

दुसरी मोहीम ठरली तेव्हा मीही नाव दिलं. कड्यावरून एकदा पडलो होतो, अनुभव होता. हेराची जागा रिकामी होती, ती मी मागितली. मालनबाई म्हणाल्या की मंडळींना सामान वाहायला एक खेचर कमी पडतंय.

मास्तरांनी फळ्यावर सगळ्यांचे गुण मांडले. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: खेचर. ताकद सहा, हुशारी शून्य.

मी द्वारकाबाईंकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, सहाची पाच करा हवं तर, पण हुशारी निदान एक तरी द्या."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरोखर विचार केला.

"नगं भावजी," त्या म्हणाल्या. "खेळाचा तोल जाईल."