साहेब उणे सहा

"मला उणे सहा?" कंपनीच्या डायरेक्टरसाहेबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "आणि ह्या मॅनेजरला अधिक नऊ?"

पंपाच्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून केलेली फिल्म एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी होती. प्रत्येकाच्या मुलाखतीखाली आवाजाचा आकडा होता, आणि साहेबांनी फिल्म सोडून नेमके आकडे पाहिले होते. ती बनवणारी मुलगी, जिला सगळे 'व्हिडिओवाली' म्हणत, अजून प्रोबेशनवर होती. तिच्या कायम होण्याचं पत्र साहेबांच्याच टेबलावर सहीसाठी पडलं होतं.

"सर, हे मार्क नाहीत," ती म्हणाली. "तुमचा आवाज मुळातच खणखणीत, म्हणून जरा उतरवला. मॅनेजरसाहेब तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून चढवला. ऐकताना सगळे सारखे वाटतात."

"सारखे? मी आणि ड्रायव्हर सारखे?"

ड्रायव्हरकाका उणे बारावर होते. जन्मभर ट्रकच्या इंजिनावर आवाज चढवून त्यांचा गळा तसाच घडला होता. साहेबांना तेवढा एकच आकडा पटला.

"ज्येष्ठतेप्रमाणे लावा. मी अधिक वीस. मॅनेजर शून्य."

"सर, वीसने आवाज फाटेल."

"मॅडम, फिजिक्स तुम्ही शिकलात, कंपनी मी चालवतो."

निसर्गाचे नियम तिला पाठ होते. सहीचा नियम ती नोकरीत शिकत होती. तिने वीस केले.

कार्यक्रमात पडदा उजळला. साहेबांनी तोंड उघडलं आणि स्पीकरमधून दगड भरडल्यासारखा खरखराट आला. पहिल्या रांगेने कानांवर हात ठेवले. कंपनीच्या वयोवृद्ध मालकीणबाईंनी तर श्रवणयंत्रच काढून पर्समध्ये टाकलं. पुढे मॅनेजरांचे नुसते ओठ हलले. मग ड्रायव्हरकाका आले. "पंप नाजूक हो! खड्डा दिसला की ब्रेक आधी दाबतो, शिवी नंतर देतो." शब्दन् शब्द कळला. हॉल खदखदून हसला. लोक हसताना पाहून मालकीणबाईंनी यंत्र घाईघाईने कानात घातलं आणि फर्मावलं, "ह्यांचं पुन्हा लावा!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. पत्र समोर होतं, पेनाला टोपण होतं.

"ड्रायव्हरला किती होते?"

"उणे बारा, सर."

साहेबांनी आकडा कागदावर लिहून घेतला. "म्हणजे उणे जितके जास्त, तितका मान जास्त. हे आधी सांगता येत नाही? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

तिने तोंड उघडलं, टोपणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकलं, सर."

"मला उणे साठ करा. ड्रायव्हरच्या पाचपट. आणि फिल्म सगळ्या शाखांना आणि मालकीणबाईंना पाठवा." टोपण निघालं, सही झाली.

सुधारलेल्या फिल्ममध्ये साहेब चार मिनिटं नुसते हातवारे करत होते. आठवड्याने मालकीणबाईंची चिठ्ठी आली: 'साहेबांचं इतकं मुद्देसूद भाषण पहिल्यांदाच ऐकलं.'