तोंडी भागाकार

काटेमामांनी अंगणात मोठा वजनकाटा मांडला, तेव्हाच मामींना कळलं की आता आपल्या सामानाची काही धडगत नाही. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस तो. निवृत्त झाल्यावर हौसेने गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर घेतलं, मामींना तळ्याकाठी न्यायचं कबूल केलं, आणि गावातल्या पहिल्याच फेरीत गाडीचं ॲव्हरेज पाहून तोंड पाडून बसले. या एका सहलीची मामी लग्नापासून वाट बघत होत्या. पण मामांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. वजन कमी केल्याशिवाय चाक हलायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

मग एकेक वस्तू काट्यावर चढली आणि घरात परत गेली. गाद्या गेल्या, शेगडी गेली, मामींचं जाड बुडाचं पातेलं गेलं. पाण्याची टाकी रिकामी झाली. स्वतःची हत्यारांची पेटी मात्र मामांनी न मोजताच आत ढकलली, कारण ती लागते म्हणे. मामी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. शेवटी त्या स्वतःच काट्यावर उभ्या राहिल्या.

मामांनी सवयीने वाकून आकडा पाहिला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरेरे."

"मी बसने येते," मामी म्हणाल्या.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने जीभ चावली असती. मामांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि विचारलं, "खरंच येशील?"

मामी बसने गेल्या. मामा काचा बंद करून, बेताच्या वेगाने, ब्रेकला शक्यतो पाय न लावता निघाले. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. वाटेत पंपावर टाकी भरून झाली आणि मामा बाजूच्या सीटकडे वळून उत्साहाने म्हणाले, "हं, सांग."

सीट रिकामी होती. इतकी वर्षं मामा किलोमीटर आणि लिटर सांगायचे आणि मामी क्षणात तोंडी भागाकार करायच्या. आज मामांनी तळहातावर पेनाने आकडे मांडले. चौदा! एवढं घर ओढून चौदा! त्यांनी पंपवाल्याला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "गाडी पुढे घ्या, काका."

पुढचा सगळा रस्ता ते चौदा मामांच्या घशात अडकून राहिलं. तळ्यावर पोचले तर मामी केव्हाच येऊन पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. शेजारच्या मुक्कामातल्या बाईंनी त्यांना चहाही दिला होता. मामींनी ॲव्हरेज काही विचारलं नाही. मामांनी बराच वेळ वाट पाहिली. मग तेही शेजारी बसले.

"चौदा पडलं गं," ते म्हणाले. "पण सांगायला कोणी नव्हतं. अजिबात मजा आली नाही."

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते असू दे. झोपायचं कशावर, ते सांगा."

दोन दिवस फळीवर झोपून दोघांच्या पाठी धरल्या. परतताना मामींनी बागेसाठी तळ्याकाठचे गोल दगड गोळा केले. मामांनी ते एकही न मोजता, निमूटपणे आत नेऊन ठेवले. पंप तोच लागला. टाकी भरली, मामांनी आकडे सांगितले.

"अकरा," मामी म्हणाल्या.

"अकरा!" मामांनी छाती फुगवून पंपवाल्याला ऐकवलं.

"परवा चौदा होतं ना, काका?"

"परवा गाडी रिकामी होती," मामा म्हणाले.