राजाच्या अस्तरातला खिसा

मुलगा शिलाई मशीन सोडून नाटकात गेला, त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत शिंपीबुवांनी त्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. "तोंडाला रंग फासून रडायचं, याला काय धंदा म्हणतात?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आज बायकोने त्यांना दुपारच्या खेळाला अक्षरशः ओढून आणलं होतं. नाटक जुनं, गाजलेलं, शेवटी सगळ्यांना रडवणारं. आणि राजा झाला होता त्यांचाच मुलगा. आज बापाने लेकाशी दोन शब्द बरे बोलावेत, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

पण शिंपीबुवा नाटक कुठे बघत होते? ते कपडे बघत होते.

"सेनापतीचा डावा खांदा उतरलाय."

"अहो, आपल्या पोराचं तोंड बघा जरा!"

शेजारच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ मध्ये पडले. "मी पाचव्यांदा बघतोय. शेवटी राजा अस्तरातल्या खिशातून विषाची कुपी काढतो. काय मरतो हो पोरगा! तडफडून तडफडून! दर खेपेला!"

शिंपीबुवांची नजर सेनापतीवरून राजाच्या झग्यावर गेली.

मध्यंतरात मुलाच्या सांगण्यावरून व्यवस्थापक त्यांना शोधत आला. सिंहासनाच्या खिळ्यात अडकून राजाचा झगा बाहीपाशी फाटला होता. शिंपीबुवांच्या कॉलरमागे सुईदोरा कायमचा टोचलेला असे. ते आत गेले आणि घंटेच्या आधी परत आले. लेकाच्या कामाला बापाचा हात लागला म्हणून बाई मनातून सुखावल्या.

शेवटचा अंक आला. राणी मरून पडली. राजाने छातीशी हात नेला, "ये, विषा, आता तूच माझा सोबती!" असं म्हणत अस्तर चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. खिसा पक्क्या दुहेरी टाक्याने शिवलेला होता, आणि तो टाका सहा वर्षं काय, साठ वर्षंही उसवला नसता. मेलेली राणी एक डोळा किलकिला करून बघू लागली. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे सेनापती धावत आला आणि ओरडला, "महाराज गेले!"

महाराज समोर उभे होते.

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पदर तोंडात कोंबला. पोराची सहा वर्षांची मेहनत आज मातीत जाणार!

राजा मात्र हळूहळू सिंहासनावर बसला. "नाही, सेनापती. मरणसुद्धा मला मिळेना. आता ही राणी डोळ्यांसमोर घेऊन मला जगावं लागेल. रोज."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. शेजारचे गृहस्थ ढसाढसा रडत होते. "पाच वेळांत आज पहिल्यांदा रडलो हो!"

आत मुलगा बापापुढे उभा राहिला, घामाघूम. "बाबा, खिसा तुम्ही शिवलात?"

"घाईत झालं असेल." मग इकडेतिकडे बघत ते म्हणाले, "बाह्या जरा लांब आहेत."

परतीच्या वाटेवर बाईंचा संयम संपला. "चाळीस वर्षं कपडे शिवताय! फाटलेलं कुठलं आणि खिसा कुठला, एवढं कळत नाही तुम्हाला?"

शिंपीबुवांनी कॉलरमागची सुई चाचपली.

"कळतं की."

"मग?"

"पोरगा मरताना बघायला मी नव्हतो आलो."