नारळाएवढी सखी

गयामामीच्या हरतालिकेत महादेव सुपारीएवढा असायचा, पार्वती लिंबाएवढी आणि पार्वतीची सखी नारळाएवढी.

सगळे वाळूचेच. जाम नदीची ओली रेती टोपलीत आणून मामी आपल्या अंगणात पाटावर देव मांडायची आणि गल्लीतल्या साऱ्या बायका तिथेच पूजेला जमायच्या. लग्न होऊन नवीन आलेली एखादी सून दरवर्षी फसायची. सखीलाच पार्वती समजून हळदकुंकू वाहायची.

"ते नाही व बाई, पारबती तिकडं हाय. बेलाच्या पानाखाली."

"दिसून नाही राह्यली, मामी."

"दिसन कशी? लपवून ठेवली ना तिनं!"

मामीचं म्हणणं असं. पार्वतीच्या बापाने तिचं लग्न परस्पर विष्णूशी ठरवलं. पार्वतीच्या मनात महादेव. तेव्हा तिच्या सखीने तिला घरातून काढलं आणि रानात नेऊन लपवलं. तिथे पार्वतीने वाळूचा महादेव केला, उपाशी राहिली, रात्र जागली. म्हणून आपणही पाण्याचा थेंब न घेता जागरण करतो. एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. पण मामी तिथे थांबायची नाही. "पारबतीले सारे पूजतात. महादेवाले तं पूजतातच. अन् जिनं जोखीम घेतली, तिचं नाव सांगा बरं कोनी!"

बायका बेलाची पानं निवडू लागायच्या.

"नाव नाही माईत, अन् चालल्या उपास कराले!"

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात. फार पूर्वी इकडच्या पोराने पलीकडच्या सावरगावची पोरगी पळवली होती, त्यावरून म्हणतात. ती होते न होते तोच हरतालिका. मामी म्हणायची, "पोट्ट्यानं पोरगी पळवली तं अजून डोस्के फुटून राह्यले. पोरीनं पोरीले पळवली तं पूजा. समजून घ्या, पळवावं कोनी ते."

मामा वारले तेव्हा बायकांना वाटलं, आता मामीचा उपास सुटला. एकीने विचारलंसुद्धा, "मामी, आता कोनासाठी करून राह्यल्या?"

"नवरा होता तवाबी त्याच्यासाठी नव्हता," मामी म्हणाली आणि रेती मळू लागली.

मामीला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलेली. गल्लीत माझ्या वयाच्या बायकांत तेवढंही कोणी नव्हतं, म्हणून कहाणी वाचायचं काम माझ्याकडे. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नसे. पोथी हातात असली की वाचता येई, कारण ते बोलणं माझं नसे. पण कहाणीत काय आहे हे शेवटी मामीच ठरवायची. "कहानीत हाय ते," असं ती म्हणाली की विषय संपला. या रात्री जी झोपते ती पुढच्या जन्मी अजगर होते, हे पोथीत खरंच आहे. पण जी दुसरीच्या सुनेची निंदा करते ती टिटवी होते आणि जी फुगडीत मुद्दाम हात सोडते ती घोरपड होते, हे मला कुठल्याच पानावर सापडलं नाही.

एकदा रात्री शेजारची कमल बसल्या बसल्या पेंगली. मामीने तिच्या पाठीत बुक्का घातला. कमल चिडली. "जामसांवलीचा हनुमान तं झोपूनच हाय, मामी. त्याले काहून नाही मारत?"

"त्यानं लंका जाळली, मंग झोपला. तुनं काय जाळलं? पोळ्या?"

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी सालची हरतालिका असेल. मामीच्या शेजारच्या घरात तिचा पुतण्या नारायण राहायचा. त्याची थोरली पोरगी विमल दहावी झाली होती आणि छिंदवाड्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणत होती. त्या रात्री विमल फुगडीला उठेना. भिंतीला टेकून बसली होती.

"काहून व, पाय दुखून राह्यले का?" मामीने विचारलं.

"उद्या मोहगावचे पाहुने येऊन राह्यले, आजी. कुंकू लावून लगन पक्कं करतीन."

मोहगावचा नवरदेव म्हणजे संत्र्याचा बगीचा, राजदूत गाडी आणि पहिल्या बायकोची दोन लेकरं. सगळ्यांना माहीत होतं. विमलला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"तुले करायचं हाय?"

विमलने नकारार्थी मान हलवली. "बाबाले सांगतलं म्या. आयकूनच नाही राह्यले."

मामी काही बोलली नाही. मामी बोलली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उजाडेपर्यंत तिने कोणाला अजगरही म्हटलं नाही.

सकाळी दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली. देव टोपलीत घेऊन नदीवर जायचं आणि पाणी प्यायचं. शिवाय गणपतीचा दिवस, प्रत्येकीच्या घरी घाई. कमल पाट उचलायला वाकली तर मामी पाटासमोर मांडी घालून बसली.

"आज देव उठनार नाहीत."

"काहून?"

"सखी उठून नाही राह्यली. ते हो म्हने तवाच पारबती रानातून वापस येते. कहानीत हाय." मग तिने विमलला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. "अन् देव पाटावर हाय तवरिक पोरीचा उपास सुटत नाही. उपासाच्या पोरीले कुंकू लागत नाही. तुमी जा बाया, पानी प्या. तुमची पूजा पावली."

बायका पाणी प्यायला पळाल्या आणि पाणी पिऊन परत आल्या. असा देखावा कोण सोडेल?

पाहुणे दहाच्या सुमाराला आले. नवरदेवाच्या खिशात कंगवा होता आणि केस नुकतेच काळे केलेले होते. कानाची पाळीही थोडी काळी झाली होती. सोबत त्याची आई आणि एक म्हातारा काका. नारायणाने त्यांना चहा दिला आणि तो मामीच्या अंगणाच्या फाटकात येऊन उभा राहिला. नारायण वाईट माणूस नव्हता. विमलच्या पाठीवर तीन पोरी होत्या, म्हणून घाईत होता.

"काकी, पोरीले पाठव."

"सखीले विचार."

"काकी, मस्करी नको करू. मानसं बसून हाय घरात."

"बसू दे ना. मीबी बसलीच हाय. कालपासून पानी नाही माया पोटात."

नारायण आत यायला निघाला. मामी ओरडली, "चपला काढ! आंघोळ केली का? बिना आंघोळीचा पाटाजवळ येऊन राह्यला!"

तो फाटकातच थांबला. तेवढ्यात नवरदेव, त्याची आई आणि काकाही मागून आले. आईने त्या वाळूच्या गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे काय हाय, बाई?"

"पोरीची मैत्रीन," मामी म्हणाली.

नारायण घामाघूम झाला होता. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "वहिनी, कहानी तुमी वाचता. तुमी सांगा. असं लिवलं हाय का पोथीत?"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. पोथी माझ्या मांडीवर होती. मी कधी नारायणाशी दोन शब्द बोलले नव्हते. माझे स्वतःचे थोरले दीर पलीकडच्या ओट्यावरून पाहत होते. विमलचे ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. मी पोथीवर हात ठेवला आणि मान खाली घालूनच म्हटलं, "आहे."

"कुठं?"

"शेवटच्या पानावर. सखीच्या मर्जीविना पार्वतीला कोणी नेऊ नये."

पोथी मी पदराखाली घेतली. मामीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

म्हाताऱ्या काकाने कानाला हात लावले. "पोथीतलं हाय तं मंग बोलनंच नाही. अर्ध्या व्रतातून उठवलेली पोरगी आपल्या घरात नको. एक तं गेली बापा, आता इषाची परीक्षा काहून?" नवरदेवाने कंगवा काढून एकदा केसांवरून फिरवला आणि खिशात ठेवला. दुपारच्या बसने तिघंही गेले. जाताना आई म्हणाली, कळवू. त्यांनी काही कळवलं नाही आणि पुढच्या महिन्यात विमल पत्र्याची पेटी घेऊन छिंदवाड्याला गेली.

पण त्या दुपारी नारायण फाटकातूनच म्हणाला, "काकी, आजपासून माया घरचा घास नाही तुले." मामीचं दोन वेळचं जेवण त्याच्याच घरून यायचं.

"बरं," मामी म्हणाली. "मीठ जास्तच राह्यते तुया घरी."

हे ती हसत म्हणाली. पण पाटाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

संध्याकाळी आम्ही तिघीच नदीवर गेलो. मामी, विमल आणि मी. महादेव-पार्वती पाण्यात टेकताच विरघळले. सखीला वेळ लागला. मग विमल ओंजळीने पाणी प्यायली आणि मामीही प्यायली. मामीला परत चढ चढवेना. ती वाटेतल्या दगडावर बसली. विमल पुढे गेली होती.

मी कोणाला काही विचारत नाही. पण त्या दिवशी एकदा तोंड उघडलं होतं, म्हणून पुन्हा उघडलं. "मामी, तुमच्या लग्नात तुमाले पळवून न्याले कोनी आलं नव्हतं ना?"

"आली होती," मामी म्हणाली. "बनी, माही मैत्रीन. लगनाच्या आदल्या राती गोठ्याच्या मांगं येऊन उभी राह्यली. चाल म्हने, मुलताईले माही मावशी हाय. फडक्यात भाकरी बांधून आनल्या होत्या. एवढुशी पोट्टी!"

"मंग?"

"मंग काय. मीच नाही गेली. बापू मारन म्हनून भेव लागलं. ते कोंबडा बोलेपर्यंत उभी होती. मले फटीतून दिसत होती. म्या डोये मिटून घेतले." तिने पदराने पाय पुसले. "पहिल्या बाळंतपनात गेली बिचारी. आता तोंडबी आठवत नाही तिचं. रेतीची मोठी करतो, पन नाक-डोये काढाले गेलं का हात थांबते."

मी रिकाम्या टोपलीतली रेती झटकली. पाणी वाहत होतं.

तेवढ्यात विमल अर्ध्या वाटेवरून परत आली. आमचं काही तिने ऐकलं नव्हतं. तिने मामीपुढे हात केला.

"चाल, आजी."

मामीने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात धरला आणि उठली.