खुशालरावांच्या पिकअपचा ज्वर कैसा उतरला, त्याची बखर

स्वस्तिश्री. वऱ्हाड प्रांती, कसबे तेल्हारे येथे राजमान्य राजेश्री खुशालराव, काळ्या कसदार जमिनीचे धनी, यांचे पदरी जुनी पांढरी पिकअप होती. तिला ज्वर चढोन अखेर कैसा उतरला, तो मजकूर सेवक यथास्थित लिहितो, ध्यानी आणावा.

वैशाखी ऊन ऐसे पेटले की कावळा कडुनिंब सोडीना. तेव्हा रावांचे चित्ती करुणा उपजली, की आपण घरी कूलरपुढे बसावे आणि गाडीने उन्हात जळावे, हे धन्यास शोभत नाही. मग खाशांनी कूलरच्या मागील बाजूची वाळ्याची ताटी काढिली आणि भिजवोन रेडिएटरपुढे सुतळीने बांधिली आणि समाधान पावले. ते दिवसापासोन पिकअप दर फेरीस उकळो लागली.

मग अकोटाहून गोपाल मिस्त्री, इंजिनविद्येत नामांकित, कुमकेस आणिले. रावांनी रीतीप्रमाणे ताटी सोडोन हौदात भिजत घातली आणि बॉनेट उघडिले. मिस्त्रींनी पाणी पाहिले आणि पंख्याचा पट्टा ताणिला आणि थर्मोस्टॅट उकळत्या पातेल्यात टाकोन पारखिला, मग इंजिन बहुत वेळ चालविले, तो तापमानाचा काटा मध्यावरोन हालेना. गनीम सापडेना. मिस्त्रींची पाठ फिरताच रावांनी ताटी बांधावी आणि गाडीने उकळावे, ऐसा क्रम पडिला. शेवटी मिस्त्रींनी रेडिएटरचे झाकणही नवे घातले.

तेव्हा सौभाग्यवती पार्वताबाईसाहेबांचे फर्मान सुटले, की "या खेपेले तापली, तं अकोल्याले तशीच भंगारात टाकाची." लेक प्रणाली याच गाडीतून सासरी गेली होती आणि परतीस राव एकटेच रडले होते. फर्मान ऐकोन राव जेवले नाहीत.

तुरीची पोती लादोन स्वारी कूच जाहली. फर्मानाचे तामिलीस बाईसाहेब जातीने शेजारी बसल्या. वाटेत चोहोट्टा गावाजवळ काटा तांबड्यात शिरला आणि वाफ उठली आणि राव सुकाणूवर डोके टेकोन बसले. बाई उतरोन पुढे पाहतात, तो ताटी.

"हे तं माह्या कूलरची ताटी होय. म्हून मले घरी उकडून राह्यलं. काहून बांधली इथं?"

"तिले गार वाटावं म्हून."

 बाईंनी सुतळी तोडिली आणि इंजिन निवाल्यावर पाणी भरविले, मग स्वारी निघाली. ताटीने अडविलेला वारा रेडिएटरास मिळाला आणि अकोल्याचे बाजारापर्यंत काटा मध्यावर राहिला. राव काटा पाहात आणि डोळे पुशीत. बाईंनी ते पाहिले.

परतीस अकोटी मिस्त्रींनी पुसिले, दोष कोठे होता. रावांनी मान खाली घातली.

"तुमच्या नव्या झाकनानंच बरी झाली, भाऊ," बाई म्हणाल्या.

मग भंगाराचे फर्मान रद्द जाहले आणि ताटीचा उल्लेख कोणी कोठे करू नये, ऐसा हुकूम सुटला. सेवक हुकमाचा ताबेदार. सबब ही फत्ते झाकणाचे नावे दाखल केली असे. वर ताटीचा मजकूर दिसला, तरी वाचणाराने तो वाचला नाही, ऐसे समजावे.