एका पोटावर चार खुणा

सकाळी साडेसहाला मोरीतला नळ खाकरला.

घर गाढ शांत होतं. आधी नुसती हवा आली, मग दोन शिंका, मग तांब्याभर गढूळ पाणी, आणि मग धार बादलीच्या बुडावर ताडताड वाजायला लागली. पाच दिवसांनी पाणी आलं होतं. सोलापुरात हा आवाज ऐकूनही जो माणूस अंथरुणात पडून राहतो तो एकतर पाहुणा असतो, नाहीतर आजारी. महानंदा आजारी होती, तरी तिचा एक पाय चादरीबाहेर आलाच.

"पड की गं," मोरीतून केराबाईंचा आवाज आला. "मी हाय न्हवं."

केराबाई म्हणजे महानंदाच्या सासूबाई. आदल्या संध्याकाळच्या एसटीनं त्या सांगोल्याहून आल्या होत्या. एका पिशवीत डाळिंबं, दुसरीत करडईच्या तेलाची बाटली आणि कमरेला पानसुपारीची चंची. सुनेचं ऑपरेशन उद्या होतं आणि आज चार वाजता दवाखान्यात ॲडमिट व्हायचं होतं.

महानंदा गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला होती. जून तोंडावर आला की बाराशे हाफ पँटी एका खडूवर उभ्या करणारी बाई. तीन वर्षांमागं तिच्या आतड्याला क्रोन्स नावाचा आजार चिकटला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी लहान आतड्याचं टोक इतकं आवळलं की भाकरीचा घासही अडायला लागला. डॉक्टर म्हणाले, तेवढा तुकडा काढावा लागेल. तेव्हा तिनं विचारलं, "किती कापणार? आणि जोड कसा देणार, एकावर एक की टोकाला टोक?" डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडं नीट बघितलं होतं.

फ्रीजवर तिनं कागद चिकटवला होता. कधी नारळपाणी, कधी गाळलेलं डाळीचं पाणी, सृष्टीच्या डब्याला कुठल्या दिवशी काय, नवऱ्याच्या कुठल्या शर्टाचं बटण सैल आहे. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'घाबरायचं नाही. वेळ नाही.'

एकच गोष्ट त्या कागदावर नव्हती, कारण ती केराबाईंनी वाचली असती.

कापलेली टोकं सरळ जोडता आली तर उत्तमच. पण आत सूज फार असली तर तीन महिने आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावावी लागेल, आणि हे आत गेल्यावरच कळेल. म्हणून काल दवाखान्यातल्या सिस्टरनं पिशवीची जागा ठरवली होती. बसा. उभ्या राहा. वाका. साडीची गाठ कुठं येते? टेबलाची कड पोटाला कुठं लागते? आणि शेवटी, "लेकीला कडेवर कुठल्या बाजूला घेता?"

"डाव्या."

सहा वर्षांच्या सृष्टीला कडेवर बसवण्यात आलं. तिचा बूट आईच्या पोटावर जिथवर पोचतो त्याच्या पलीकडं, उजव्या अंगाला सिस्टरनं जांभळ्या पेनानं फुली मारली आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवली.

"पुसू द्यायची नाही हं. मी दोन दिवस रजेवर आहे, बहिणीचं लग्न आहे. जागा चुकली की पिशवी नीट बसत नाही. गळते. मग माणूस घराबाहेर पडत नाही."

महानंदाला कापण्याची भीती नव्हती, रोज तेच करत होती ती. भीती होती त्या शेवटच्या वाक्याची. जागा नीट तर कारखाना, टेबल, कडेवर सृष्टी. जागा चुकली तर नुसती घरची खिडकी.

नवरा धनाजी तेव्हा शेजारीच उभा होता. सिस्टर म्हणाल्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. धनाजी लाजला. "नको. कंपनीतली पोरं घेत्यात मोबाईल हातात. बायकोचं पोट दिसायचं."

असं सगळं पक्कं झालेलं असताना नळाला पाणी आलं.

"ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिस अंगाला पानी न्हाय म्हनतेत," केराबाई म्हणाल्या. "अन् आज नळाला पानी आलंय. हे काय उगं आलंय व्हय? चल, बस पाटावर."

"आत्या, मी करते माझी माझी."

"दोन दिस नुसतं पानी पितीयास, तांब्या तरी उचलंल का तुला?"

महानंदा पाटावर बसली. केराबाईंनी तेल कोमट केलं होतं. मेंढरांत आयुष्य काढलेले त्यांचे ते खरखरीत तळवे डोक्यावरून मानेवर आले, मानेवरून पाठीवर. आई गेल्यापासून महानंदाला असं कुणी चोळलं नव्हतं. पोट रिकामं, अंग हलकं, कानाशी पाण्याची धार. तिला बसल्या बसल्या डुलकी लागली. इतकी छान डुलकी तीन वर्षांत लागली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा केराबाई पदरानं कपाळ पुसत होत्या. मोहीम फत्ते करून आल्यासारखा चेहरा होता.

महानंदानं पोटाकडं बघितलं. पोट लख्ख होतं.

"आत्या, हितं एक फुली होती."

"व्हती की! शाईचा डाग. लई चिवट. वर कसली तरी चिकटपट्टी. तेल लावलं, बेसन लावलं, जाता जाईना. मग टाचा घासायच्या वजरीनं घासला, तवा गेला."

महानंदा म्हणाली, "अहोऽऽ!"

धनाजी ब्रश तोंडात घेऊन मोरीच्या दाराशी आला, पोट बघितलं, आणि पेस्ट गिळून बसला.

सिस्टरला फोन लावला. फोन उचलला गेला, पण तिकडं हलगी वाजत होती. धनाजी ओरडला, "सिस्टर, फुली पुसली!" पलीकडून आवाज आला, "हो हो, जेवून जा!" आणि फोन बंद. दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, पेशंट आल्यावर बघू.

आता केराबाईंना सांगणं भाग होतं. महानंदानं एका दमात सगळं सांगितलं. आतडं, तोंड, पिशवी, तीन महिने. धनाजीनं मान खाली घातली. आई आता गळा काढणार, शेजारच्या बसव्वाकाकू धावत येणार, हे त्याला दिसतच होतं.

केराबाईंनी हातातली वजरी खाली ठेवली.

"एवढंच व्हय?"

"म्हणजे?"

"काल आल्यापास्नं तुमी दोघं डोळं चुकिवताय. मला वाटलं काय जिवावरचं हाय. पिशवीच की! शेळीच्या आचळाला न्हाय का आमी पिशवी बांधत, करडं पिऊ ने म्हनून? ती हिंडती, चरती, उड्याबी मारती. तिला कुनी इचारतंय का, पिशवी का बांधली?" मग धनाजीकडं वळून, "अन् तू रं? आईला सांगाया काय झालं हुतं? तुज्या हगण्यामुतण्याला मी कदी लाजले व्हते का?"

धनाजी पुन्हा ब्रश करायला गेला.

महानंदाला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पण कागदावर लिहिलंच होतं, वेळ नाही. तिनं टेप काढली. "बेंबीपासून अडीच इंच उजवीकडं, इंचभर खाली. माझी नजर चुकत नाही." कापडाचा खडू घेतला. तेलकट अंगावर खडू टेकेना.

"बिब्बा हाय माज्याकडं," केराबाईंनी चंची सोडली. "धोब्याची खूण जन्मात जात न्हाय."

"आत्या, बिब्ब्यानं फोड येतो!"

"मग तर जागा घावंलच की."

चिंचोळी एमआयडीसीत डिस्पॅचला असलेल्या धनाजीच्या खिशात, त्याच्या अंगावर शर्ट असो नसो, हिरवा मार्कर असायचाच. खोक्यांवर मारलेली त्याची फुली पावसात भिजली तरी जात नसे. आधी साबणानं तीनदा पोट धुतलं आणि महानंदानं आपल्या मापाची फुली मारली.

"चुकलं," समोर उभा धनाजी म्हणाला. "काल मी बघितली की. ह्या बाजूला होती." आणि बायको 'अहो' म्हणेपर्यंत त्यानं मारलीसुद्धा.

"ती डावी बाजू आहे!"

"माझी उजवी आहे."

"पोट कुणाचं आहे?"

"सरा तिकडं," केराबाईंनी मार्कर हिसकावला. "घासली कुनी? मी. माज्या अंगठ्याला ठावं हाय." त्यांनी डोळे मिटले, अंगठा गोल गोल फिरवत आणला, थांबवला आणि तिसरी फुली मारली. ती मांडीच्या बरीच जवळ होती.

आता चुकीच्या दोन पुसायच्या. साबणानं जाईनात. तेलानं गेल्या असत्या, पण धनाजीनं दवाखान्याचा कागद वाचून दाखवला, 'ऑपरेशनपूर्वी पोटाला तेल, क्रीम, पावडर लावू नये.' तिघांनीही करडईच्या बाटलीकडं बघितलं. केराबाईंनी ती गुपचूप फडताळात ठेवली.

आणि मुळात चुकीच्या दोन कुठल्या, हेच ठरत नव्हतं. महानंदानं पुन्हा मोजलं. बसून मोजलं तर अडीच इंच, उभं राहून मोजलं तर सव्वातीन. कापड असं करत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचा टेपवरचा विश्वास उडाला. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, आणि थकव्यानं तिला झोप लागली.

तीन वाजता निघायच्या वेळी तिनं कपडे बदलायला घेतले तेव्हा पोटावर चौथी खूण होती. दोन डोळे, नाक, कानापर्यंत हसणारं तोंड आणि कपाळाला टिकली.

"सृष्टीऽ!"

"सगळ्यांनी काढली," सृष्टी दाराआडून म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. त्यांनी पेशंटचा गाऊन बाजूला केला आणि चष्मा काढून पुसला. त्यांच्या मागं उभी शिकाऊ डॉक्टरीण खिडकीकडं तोंड करून खोकायला लागली.

"यातली खरी कुठली?"

"माझी, सर, मोजून मारलीय," महानंदा म्हणाली.

"समोर उभं राहून मारलेली माझी आहे, सर."

"डाक्टर, ज्यानं पुसली त्यालाच ठावं असतंय."

"माझी," सृष्टी म्हणाली.

"ती कशी काय?"

सृष्टीनं पायातला बूट काढला, पलंगावर चढली आणि तो आईच्या पोटावर आडवा ठेवला. "मी कडेवर बसले की माझा बूट इथपर्यंत येतो. सिस्टर म्हणाल्या, त्याच्या पलीकडं पाहिजे. मम्मी झोपलेली, म्हणून मी फक्त बूट बसवला."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी महानंदाला बसवलं, उभं केलं, वाकवलं, सृष्टीला अलगद कडेला टेकवून बघितलं. बोटानं घड्या चाचपल्या. धनाजीची फुली ऐन साडीच्या गाठीखाली होती. केराबाईंची मांडी वाकवली की दिसेनाशी होत होती. महानंदाची फुली बसल्यावर घडीत जात होती. हसणारा चेहरा मात्र बसता उठता वाकता, सगळ्यांकडं बघून हसत होता.

"जागा हीच," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्या चेहऱ्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली. "बाकीच्या तिघांनी उद्या ऑपरेशन थिएटरच्या जवळपास फिरकू नये."

"मीबी?" महानंदानं विचारलं.

"तुम्ही यायचं. पण टेप घरी ठेवून."

दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध आली तेव्हा नाकात नळी होती आणि घसा कोरडा. हात आपोआप पोटाकडं गेला. मधोमध पट्टी. उजवीकडं त्या पातळ पट्टीखाली त्वचा. नुसती त्वचा.

"पिशवी?"

"लागली नाही," शेजारून धनाजीचा चिरका आवाज आला. तो रडून बसला होता. "टोकाला टोक जुळलं म्हणाले. शिलाई मस्त झाली म्हणून तुला सांगायला सांगितलंय."

पलंगाच्या पायथ्याशी केराबाई सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. महानंदाच्या कपाटातल्या चिंध्यांतून त्यांनी फुलाफुलाच्या कापडाच्या तीन खोळी शिवल्या होत्या, पिशवीवर घालायला. त्या आनंदल्या होत्या, पण जरा फसवल्यासारखंही त्यांना झालं होतं. "लागली न्हाय तर बरंच झालं," त्या म्हणाल्या, "पर इचारून तरी बघा, एखादी बारकी?" शेवटी एका खोळीची त्यांनी नवी चंची केली.

पोटातला वारा सरेपर्यंत खायचं बंद होतं. तिसऱ्या दिवशी महानंदा सलाईनचा स्टँड धरून वऱ्हांड्यात चकरा मारत होती आणि केराबाई दर चकरेला मोठ्यानं विचारत होत्या. दुपारी उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते सहा पलंगांच्या सगळ्या वॉर्डाला सांगितलं, आणि कोपऱ्यातल्या एका अनोळखी आजीनं हात जोडले. महानंदाला हसावंसं वाटलं, पण टाके ओढत होते. ती उशी पोटाशी धरून हळूहळू, हप्त्याहप्त्यानं हसली.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "खराब तुकडा काढलाय. आजार काढलाय असं मी म्हणणार नाही. इंजेक्शनं चालू ठेवायची. बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं चांगलं राहतं. काही जणांना परत यावं लागतं." महानंदानं मान हलवली. शेवटची दोन्ही वाक्यं तिनं नीट घडी घालून ठेवली, पहिलं वर, दुसरं खाली. सृष्टी तेव्हा शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.

टाके निघाले, त्यानंतर चार दिवसांनी सकाळी नळ खाकरला. डॉक्टरांनी अंघोळीला परवानगी दिली होती. महानंदा पाटावर बसली. केराबाईंनी वाटीत तेल घेतलं आणि या वेळी आधी विचारलं, "हात लावू का?"

"लावा आत्या. फक्त टाक्यांपासून लांब."

दवाखान्याच्या धुण्यापुसण्यात फुल्या पुसट झाल्या होत्या. तेलाच्या बोटानं धनाजीची गेली, केराबाईंची गेली, महानंदाची तर आपोआपच गेली. राहिला तो चेहरा, फिकट हिरवा, टिकलीसकट. त्याला पट्टीनं सांभाळलं होतं. महानंदानं त्याच्यावर हलकेच हात ठेवला. परवापासून कारखान्यात नुसतं बसायला का होईना जायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

सृष्टी शाळेच्या गणवेशात शेजारी उकिडवी बसली होती. तिनं तेलाच्या वाटीत चिंधीचं टोक बुडवलं, पिळलं, चेहऱ्याजवळ नेलं आणि थांबली.

"मम्मी, हा पुसू? की पुढच्या वेळेला लागेल म्हणून ठेवायचा?"