उपरोक्त

एका सामन्यात आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघावर दोन लोण चढले, म्हणजे अख्खा संघ दोनदा बाद झाला. त्या संध्याकाळी सोपानतात्या ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "भाऊ, अर्ज लिवा."

मी तिथला ग्रंथपाल. तात्या ओतूरच्या बाजारात दोरखंड विकायचे. शाळा चौथीपर्यंत. कॉलेजशी त्यांचा संबंध एवढाच, की संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

माणूस ते पायांवरून ओळखत. "तोंड खोटं बोलतं, राव. पाय न्हाई बोलत." चढाईला आलेल्याचे पाय बघायचे, ही कबड्डीची जुनी शिकवण, पण भाचीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचेही बघितले आणि घोटा नाजूक असल्याचं भर मांडवात जाहीर केलं. माझे पाय बघून पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "बसूनच असता का?"

संघाचे चांगले दिवस त्यांनी पाहिले होते. तेव्हा वसतिगृहात घाटघरकडची मुलं असत, डोंगरात वाढलेली. त्यांनी घोटा धरला की चढाईवाला जागचा हलत नसे. सामन्यांच्या सोडतीत आमच्या कॉलेजचं नाव आलं की समोरचा संघ गप्प होई. मग जुने सर निवृत्त झाले आणि देसाई सर आले. ते मुळात बॅडमिंटनचे. कबड्डी त्यांनी ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकावरून शिकवायला घेतली, त्यामुळे पडझडीतला निम्मा दोष तात्या माझ्यावर टाकत. पुस्तक दिलंच कशाला, असं त्यांचं म्हणणं.

तर अर्ज प्राचार्यांना होता, सरांना बदलावं म्हणून. मी "उपरोक्त विषयास अनुसरून" असं लिहिलं, पुढे "उपरोक्त शिक्षक" असंही लिहिलं, आणि वाचून दाखवलं. तात्यांना तो शब्द फार आवडला. निरुपयोगी माणसाला सरकारदरबारी असं म्हणतात, असा त्यांचा समज झाला. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहून ते म्हणाले, "ओ उपरोक्त, डावा कोपरा मोकळा पडलाय."

महिन्याभरात खेळाडूही पाठीमागे सरांना उपरोक्त म्हणू लागले. मी तात्यांना अर्थ समजावून दिला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तेव्हापासून वेळेवर न येणाऱ्या एसटीलाही उपरोक्त म्हणू लागले.

दर पराभवाला एक अर्ज होई. सर मात्र चिडत नसत. रोज सराव संपला की हात मागे बांधून तात्यांचं सगळं ऐकून घेत, मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकाप्रमाणेच शिकवत.

एका वर्षी संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि प्राचार्यांनी मनावर घेतलं. कबड्डीला दुसरा माणूस आणायचं ठरलं. ही बातमी द्यायला मी मुद्दाम तात्यांच्या दुकानात गेलो. पेढे मागायचे असं मनात होतं.

तात्या दोर गुंडाळत होते. ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

"भाऊ, अर्ज लिवा. देसाई सरांना ऱ्हाऊ द्या म्हनावं."

मी विचारलं, "कारण काय लिहू, तात्या?"

"नवा यील त्यो मला मैदानात हुबं करंल व्हय?" दोराचं टोक ते उगाच पिळत राहिले. "तुमची काकू गेल्यापास्नं संध्याकाळचं ऐकून घेनारं तेवढंच एक मानूस हाय."

कारणाच्या जागी मी "खेळाडूंच्या हितासाठी" असं लिहिलं. तात्यांनी सही केली. अर्ज मान्य झाला. सर राहिले, संघ हरत राहिला, आणि तात्या अखेरच्या आजारापर्यंत रोज मैदानावर जाऊन सरांना बोल लावत राहिले.

तात्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. संघ आहे, सर आहेत. सामना बघायला मी जातो. मला त्यातलं फारसं कळत नाही. खेळ संपला की सर हात मागे बांधून माझ्याजवळ येऊन थांबतात.